नागपुरात जुने घर घेऊन, दुरुस्त करून भाड्याने देणे : सुरुवात कशी करावी?

मानेवाडेकर (धागाकर्ता)

नमस्कार. मी आणि माझी पत्नी दोघेही नोकरी करतो आणि मानेवाड्यात स्वतःच्या घरात राहतो. अंगावर कर्ज नाही. बचतीतले १४ लाख रुपये एखाद्या जुन्या मालमत्तेत गुंतवावेत, ती दुरुस्त करून भाड्याने द्यावी आणि चांगला भाव आला तर विकावी, असा आमचा विचार आहे. लागेल तेवढे गृहकर्ज घेण्याची तयारी आहे, मात्र महिन्याचा हप्ता १२ हजारांच्या वर जाऊ नये अशी मर्यादा आम्ही ठरवली आहे.

सध्या तीन प्रस्ताव समोर आहेत. पहिला त्रिमूर्तीनगरातील सुमारे पंचवीस वर्षे जुन्या फ्लॅट स्कीममधला, तिसऱ्या म्हणजे सर्वांत वरच्या मजल्यावरचा दोन खोल्या आणि स्वयंपाकघराचा फ्लॅट. लिफ्ट नाही, पावसाळ्यात छत गळते आणि मालक २४ लाख सांगतो. दुसरा महालातील जुने दुमजली घर, भाव ३२ लाख. जागा मोक्याची आहे, परंतु तळमजल्यावर फार जुना भाडेकरू आहे आणि घर तीन भावांच्या मालकीचे असल्याचे सांगितले जाते. तिसरा बेसाच्या पुढे एका लेआउटमधील प्लॉट, त्यावर अर्धवट बांधलेल्या दोन खोल्या, भाव १८ लाख. ‘आरएल (प्लॉट नियमित केल्याचे पत्र) लवकरच येणार आहे’ असे विक्रेत्याचे म्हणणे आहे.

यांपैकी कशाचा विचार करावा, दुरुस्तीनंतर विकणे हिताचे की भाड्याने देणे, आणि कामाचा क्रम कसा ठेवावा, याबद्दल अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे ही विनंती.

धंतोलीची वकील

आपण तिन्ही घरांची अवस्था लिहिली आहे, परंतु त्यांच्यातला खरा फरक कागदपत्रांत आहे, म्हणून तेथूनच सुरुवात करते. गळके छत पैसे खर्चून दुरुस्त होते. सदोष मालकी हक्क दुरुस्त करणे बहुतेक वेळा खरेदीदाराच्या हातात नसतेच.

बेसाकडच्या प्लॉटबद्दल आधी लिहिते, कारण तो सर्वांत स्वस्त आहे आणि नवा गुंतवणूकदार तिकडेच ओढला जातो. नागपूरभोवतालच्या अनेक लेआउटांमध्ये शेतजमिनीचे तुकडे पाडून मंजुरीशिवाय प्लॉट विकले गेले. असे प्लॉट नियमित करण्यासाठी २००१ चा गुंठेवारी अधिनियम आला आणि २०२१ च्या सुधारणेने तो ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या प्लॉटांना व बांधकामांना लागू झाला. नागपूर सुधार प्रन्यासाच्या संदर्भात ‘५७२ लेआउट’ आणि ‘१९०० लेआउट’ हे उल्लेख आपण ऐकलेच असतील, ते याच प्रश्नातून आलेले आहेत. शहराबाहेरच्या भागासाठी आता एनएमआरडीए (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) आहे. अर्ज केल्याची पोच म्हणजे आरएल नव्हे आणि डिमांड नोट (शुल्काचे मागणीपत्र) भरल्याची पावती म्हणजेही आरएल नव्हे. जमीन विकास आराखड्यात रस्त्याखाली किंवा एखाद्या आरक्षणाखाली असेल, तर ते पत्र कधीच न येण्याची शक्यता असते. ते हाती नसताना बँक कर्ज देत नाही आणि बांधकामाचा नकाशाही मंजूर होत नाही, म्हणजे आपल्याला सगळी रक्कम रोख गुंतवावी लागेल आणि उद्या विकताना खरेदीदारही रोखीवालाच शोधावा लागेल. आरएल विक्रेत्याच्या हातात येऊन त्याची खातरजमा संबंधित कार्यालयात होईपर्यंत येथे एक रुपयाही बयाणा देऊ नये.

महालच्या घराची आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) नगर भूमापन कार्यालयातून ताजी काढून घ्या आणि तिच्यावरचा सत्ताप्रकार (जागा कोणत्या हक्काने धारण केली आहे) व फेरफाराच्या नोंदी वाचा. पट्ट्याची (भाडेपट्ट्याने दिलेली) किंवा नझूलची (सरकारी) जागा असेल तर पट्ट्याची मुदत आणि हस्तांतरणाची परवानगी हे प्रश्न निघतात. तीन भाऊ सही करणार आहेत, पण बहिणी आहेत का, हे विचारले का? वडिलांची स्वकष्टार्जित मालमत्ता असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानेच मुली पहिल्या वर्गातील वारस आहेत. आणि वडिलोपार्जित असेल तर २००५ च्या दुरुस्तीने मुलींना मुलांइतकाच हक्क मिळाला असून, वडील त्या वेळी हयात नसले तरी तो हक्क राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. तिघांपैकी एक भाऊ बाहेरगावी आहे म्हणून आममुखत्यारपत्रावर काम भागवू, असे कोणी म्हणाल्यास ते पत्र नोंदणीकृत आणि अद्याप अमलात असल्याची खात्री करा. विक्रीपत्राऐवजी केवळ मुखत्यारपत्र आणि करारनामा घेऊन मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच ठरवून दिले आहे.

जुना भाडेकरू आपोआप निघून जाणार नाही. मालक बदलला तरी त्याची भाडेदारी आपल्याकडे येते, त्याला काढायचे तर १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यातील कारण न्यायालयात सिद्ध करावे लागते आणि त्याचे भाडे वर्षाला ४ टक्क्यांहून अधिक वाढवता येत नाही. म्हणून ३२ लाखांत आपण व्यवहारतः फक्त वरचा मजला घेत आहात, असे समजूनच किंमत तपासावी.

त्रिमूर्तीनगरचा फ्लॅट या तिघांत मला सर्वांत सुटसुटीत वाटतो. तरीही मंजूर नकाशात तिसरा मजला आहे की नाही, हे पहिल्यांदा पाहा, कारण जुन्या फ्लॅट स्कीममध्ये वरचा मजला मंजुरीपेक्षा अधिक चढवलेला असण्याचे प्रकार आढळतात. नागपुरात बऱ्याच स्कीम गृहनिर्माण संस्थेऐवजी १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली येतात. तशी ही असेल तर डीड ऑफ डिक्लरेशनची, म्हणजे त्या कायद्याखाली नोंदवलेल्या घोषणापत्राची, प्रत मागा. त्यात गच्ची सामाईक आहे की कुणा एकाच्या वापरासाठी राखून ठेवली आहे, हे लिहिलेले असते, आणि आपल्या गळक्या छताच्या दृष्टीने ती ओळ फार महत्त्वाची आहे. याखेरीज तीस वर्षांचा शोध अहवाल, सूची क्रमांक दोन (नोंदणी कार्यालयातील व्यवहाराचा उतारा, इंडेक्स टू), मालमत्ता कर, पाणीपट्टी व वीजदेयकाची थकबाकी नसल्याचे दाखले, एवढे हवेच.

हिशेबनीस

दलाल उत्पन्नाचा जो टक्का सांगतात त्यावर विसंबू नये, म्हणून फ्लॅटचा हिशेब उदाहरणादाखल मांडतो. आकडे आपण आपल्या माहितीने बदलून घ्यावेत.

दुरुस्तीनंतर भाडे महिना ९,५०० रुपये मिळेल असे धरले, तर वर्षाचे १,१४,००० होतात आणि २४ लाखांवर तो परतावा ४.७५ टक्के दिसतो. दलाल येथेच थांबतो. आता किमतीवर सुमारे ७ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे १.६८ लाख, नोंदणी शुल्क १ टक्का म्हणजे २४ हजार (त्याची कमाल मर्यादा ३० हजार आहे), वकील व किरकोळ खर्च ३० हजार आणि दुरुस्ती ३ लाख मिळवा. घर आपल्याला २९.२२ लाखांना पडले. दुसऱ्या बाजूने भाडेकरू बदलताना वर्षातला एक महिना घर रिकामे राहते असे धरा, म्हणजे १,०४,५०० हाती येतात; त्यातून देखभाल वर्गणी ९,६००, मालमत्ता कर ५ हजार आणि किरकोळ दुरुस्तीचे ८ हजार वजा केल्यावर ८१,९०० उरतात. २९.२२ लाखांवर हे २.८ टक्के होते.

कर्जाचा विचार केल्यास आपल्या १४ लाखांवर सव्वापंधरा लाख कर्ज लागेल. साडेआठ टक्के दराने १५ वर्षांसाठी त्याचा हप्ता १५ हजारांच्या आसपास जातो, म्हणजे आपली मर्यादा मोडते. हाच फ्लॅट साडेवीस लाखांत मिळाला तर एकूण खर्च २५.४४ लाख येतो. त्यासाठी १३ लाख कर्ज २० वर्षांच्या मुदतीने घेतले तर हप्ता सुमारे ११,३०० पडतो आणि दीड लाख रुपये अडीअडचणीसाठी हाताशी राहतात. भाड्यातून खर्च वजा जाता महिन्याला ६,८०० येतात, तेव्हा साडेचार हजार दरमहा पगारातून घालावे लागतील. ही तूट आपल्याला मान्य असेल तरच पुढे जावे. विक्रीपत्रात खरेदीदार फक्त पत्नी असेल, तर घरासाठी महिलांना मुद्रांक शुल्कात मिळणारी १ टक्क्याची सवलत घेता येईल.

आणखी एक. बँक कर्जाची रक्कम ठरवताना आपल्या सौद्याचीच नव्हे, तर तिच्या मूल्यांककाने काढलेल्या किमतीचीही दखल घेते, आणि मुद्रांक व नोंदणीचा खर्च त्यात सहसा धरला जात नाही. ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार मालमत्तेच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत कर्ज देता येते, पण ती वरची मर्यादा आहे. जुन्या इमारतीला तेवढे मिळेलच असे नाही. इसार करण्यापूर्वी बँकेचे तत्त्वतः मंजुरीपत्र घ्यावे.

प्रतापनगरवासी

हिशेबनीस यांचे आकडे वाचल्यावर माझा मूळ प्रश्न असा आहे की, अडीच-तीन टक्क्यांसाठी एवढा व्याप करावाच कशाला? बँकेची मुदत ठेव सहा-सात टक्के देते, तिथे छत गळत नाही आणि भाडेकरूच्या मागे लागावे लागत नाही. कर्ज साडेआठ टक्क्यांनी घेऊन तीन टक्क्यांची मिळकत उभी करणे मला कोणत्याही दृष्टीने पटत नाही. भाव वाढेल या आशेवर सारा डोलारा उभा आहे, आणि लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्याचा भाव किती वाढतो, हे आपण आपल्याच परिसरात पाहावे.

नंदनवनकर

प्रतापनगरवासी यांचा आक्षेप फ्लॅटच्या बाबतीत बराचसा खरा आहे. भाडे वर्षागणिक वाढते आणि मुदत ठेवीचे व्याज वाढत नाही, एवढे मात्र दुसऱ्या पारड्यात टाकावे लागेल. माझा अनुभव स्वतंत्र घराचा आहे. मेडिकल चौकाच्या बाजूला नंदनवनात आमचे जुने घर आहे. वरच्या मजल्याला बाहेरून स्वतंत्र जिना काढल्यावर एकाच घराचे दोन किराये सुरू झाले. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी, निवासी डॉक्टर आणि परिचारिका यांच्यामुळे या भागात घर रिकामे राहण्याचा काळ कमी असतो. व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेमुळे बजाजनगर, एम्स आणि मिहान या औद्योगिक प्रकल्पामुळे खापरीकडचा भाग, हिंगणा एमआयडीसी आणि वानाडोंगरीच्या महाविद्यालयांमुळे त्रिमूर्तीनगर व रिंग रोडची बाजू, असा प्रत्येक भागाचा किरायेदारांचा आपापला वर्ग आहे. घर बघण्यापूर्वी त्या भागात किरायेदार कोण आहे, तो कुठे कामाला जातो आणि महिन्याला किती देऊ शकतो, हे शेजारच्या किराणा दुकानात आणि मेसवाल्याकडे विचारले, तर दलालापेक्षा नेमकी माहिती मिळते.

नागपूरचा किरायेदार घर पाहायला आला की खोलीत उभा राहून पहिल्यांदा खिडकीकडे पाहतो, कारण त्याला कुलर कुठे बसेल हे ठरवायचे असते. खिडकीबाहेर लोखंडी स्टँड, तिथपर्यंत पाण्याचा नळ, शेजारी १५ अँपिअरचा पॉइंट आणि कुलरचे पाणी भिंतीवर न ओघळता खाली जाईल अशी नळी, एवढी सोय आधी केलेली असेल तर वरच्या मजल्याचे घरही मे महिन्यात रिकामे राहत नाही. महागड्या टाइल्सपेक्षा या सोयीचा पैसा लवकर वसूल होतो, असे माझे ठाम मत आहे.

करार अकरा महिन्यांचा असला की नोंदणी लागत नाही, हा समज आपल्याकडे सर्वदूर आहे आणि तो चुकीचा आहे. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार कोणताही भाडेकरार किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो. ती जबाबदारी मालकाची आहे, आणि नोंदणी नसेल तर वाद झाल्यावर अटींबाबत किरायेदाराचे म्हणणे खरे धरले जाते. खर्च किरकोळ आहे. ९,५०० भाडे, ११ महिने आणि २० हजार अनामत धरल्यास एकूण भाडे व अनामतीवरील १० टक्के दराच्या व्याजाच्या बेरजेवर पाव टक्का, म्हणजे ३०० रुपयांच्या आत मुद्रांक शुल्क येते, आणि शहरी भागात नोंदणी शुल्क १,००० रुपये. घरबसल्या ऑनलाइन नोंदणी होते. किरायेदाराची माहिती पोलीस ठाण्यात देण्याचे कामही त्याच दिवशी उरकून टाकावे.

स्थापत्य अभियंता

वरच्या मजल्याचे छत गळते, एवढ्या माहितीवर दुरुस्तीचा अंदाज ३ लाख धरणे घाईचे होईल. गळती गच्चीच्या कोब्यातून आहे, पाण्याच्या टाकीच्या खालून आहे, पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) सांध्यातून आहे की पाइपाच्या भोकातून, यावर खर्च चौपट इकडे-तिकडे होतो. छताला ओल कोठे उमटते त्याचा फोटो घ्या आणि गच्चीवर जाऊन त्याच जागेच्या वर काय आहे ते पाहा.

त्यानंतर एक लहान हातोडी घेऊन स्लॅबच्या खालच्या बाजूला, सज्जांना आणि कॉलमच्या तळाशी हलकेच ठोका. भरीव ठिकाणी आवाज टणक येतो. आतून सुटलेल्या ठिकाणी तो बद्द येतो. पोपडे निघून सळई दिसत असेल तर तिच्यावर नुसता तांबूस थर आहे की ती झिजून बारीक झाली आहे, हे बोटाने खरवडून कळते. थर असेल तर साफ करून, रसायन लावून, पॉलिमर मॉर्टरने भरता येते. सळई झिजली असेल तर प्रश्न एका फ्लॅटचा राहत नाही, साऱ्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट करावे लागते आणि अशा वेळी सौदा सोडून देणेच योग्य.

नागपूरच्या बऱ्याच भागांत काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि पाया उथळ असलेल्या घरांच्या भिंतींना दरवर्षी त्याच ठिकाणी तिरक्या भेगा पडतात. स्वतंत्र घर पाहताना खिडकीच्या कोपऱ्यांतून निघालेली तिरकी भेग आणि प्लास्टरची केसासारखी भेग यांतला फरक ओळखता आला पाहिजे. पहिली पुट्टी भरून लपवलेली असते आणि रंगाच्या छटेतून तरीही दिसते. तळमजला घेणाऱ्यांनी पाण्याच्या पातळीच्या जुन्या खुणाही पाहाव्यात. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हा अंबाझरी लेआउट, डागा लेआउट अशा चांगल्या वस्त्यांतील तळमजलेही बुडाले होते. नदी किंवा नाल्यालगतच्या घराचा शेजाऱ्यांकडून तो दिवस समजून घ्यावा.

कामाचा क्रम विचारला आहे, तो असा ठेवा. आधी गच्चीचे जलरोधन आणि त्यावर पाणी साठवून चाचणी, मग संडास-न्हाणीघराचे जलरोधन व नळकाम, जुने लोखंडी पाइप काढून सीपीव्हीसीचे (प्लास्टिकचे) पाइप, मग वीजकाम, मग प्लास्टर, मग फरशी, रंग शेवटी. वीजकामात जुनी वायर बदलताना कुलर-एसीसाठी जाड तारेचे स्वतंत्र सर्किट, अर्थिंग आणि विजेची गळती झाल्यास आपोआप बंद होणारा स्विच घ्या, आणि मंजूर भार पुरेसा आहे का, हे महावितरणच्या बिलावर पाहा. मजुरीचा दर चौरस फुटावर ठरवून साहित्य आपण स्वतः आणले तर पहिल्या कामात पैसा वाचतो आणि शिक्षणही होते. ठेकेदाराला टप्प्याटप्प्याने पैसे द्या आणि अंदाजाच्या वर किमान १५ ते २० टक्के रक्कम राखून ठेवा, कारण जुन्या भिंतीत काय निघेल हे ती फोडल्यावरच समजते.

मानेवाडेकर (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बेसाचा प्लॉट आम्ही सोडला. महालच्या घरात दोन बहिणी असल्याचे विचारल्यावर कळले आणि त्यांच्याविषयी भाऊ स्पष्ट बोलत नाहीत, त्यामुळे तेही थांबवले आहे.

त्रिमूर्तीनगरचा फ्लॅट साडेवीस लाखांपर्यंत उतरला, तर दुरुस्त करून वर्षभरात २८ लाखांना विकण्याबाबत काय मत आहे? दलाल म्हणतो की तसा भाव मिळेल, आणि तूट सोसत बसण्यापेक्षा ते बरे वाटते.

करसल्लागार

दलालाचा २८ लाखांचा भाव मिळाला असे गृहीत धरूनच पाहू. घर आपल्याला एकूण २५.४४ लाखांना पडलेले असेल. विकताना १ टक्का दलाली गेली, तर नफा २.२८ लाख. घर २४ महिन्यांच्या आत विकल्यास तो अल्पकालीन भांडवली नफा होतो आणि आपल्या पगाराच्या वरच्या टप्प्याच्या दराने कर लागतो. ३० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर उपकरासह सुमारे ७१ हजार. वर्षभराचे कर्जाचे व्याज लाखाच्या वर. हाती जेमतेम चाळीस-पन्नास हजार उरतात, तेही काम वेळेत संपले आणि ग्राहक वेळेत मिळाला तर. शिवाय दुरुस्तीचे ३ लाख खर्चात धरण्यासाठी पक्की बिले लागतात आणि तो खर्च सुधारणेचा आहे, नुसत्या रंगरंगोटीचा नाही, हे दाखवावे लागते. एका खरेदीत मुद्रांक व नोंदणीपोटी जाणारे आठ टक्के वर्षभराच्या भाववाढीतून भरून काढणे सामान्य बाजारात अवघड असते, म्हणून आपल्यासारख्याने विक्रीचा विचार २४ महिन्यांनंतरच करावा. तेव्हा १२.५ टक्के दराने, महागाई निर्देशांकाचा लाभ न मिळता, दीर्घकालीन नफ्यावर कर लागेल.

भाड्याच्या उत्पन्नातून प्रत्यक्ष भरलेला मालमत्ता कर वजा होतो, उरलेल्यावर ३० टक्क्यांची सरसकट वजावट मिळते आणि त्याखेरीज कर्जाचे व्याज वजा करता येते. जुन्या करप्रणालीत यातून येणारा तोटा वर्षाला २ लाखांपर्यंत पगारातून वजा होतो, नव्या प्रणालीत होत नाही. पती-पत्नीपैकी कोणाच्या नावावर घर घ्यायचे आणि कर्ज कोणी फेडायचे, हे ठरवण्यापूर्वी दोघांचीही करगणना दोन्ही प्रणालींत करून पाहा. पैसा पतीचा आणि घर पत्नीच्या नावे असे असेल, तर भाड्याचे उत्पन्न पतीच्याच उत्पन्नात धरले जाते, त्यामुळे हिशेबनीस यांनी सुचवलेली १ टक्क्याची सवलत घेताना पत्नीच्या पगारातून व बचतीतून रक्कम जाईल अशी मांडणी करावी.

इतवारीकर

धागा उत्तम चालला आहे. बँकांच्या ई-लिलावात नागपुरातले फ्लॅट बाजारभावापेक्षा कमी आधारभूत किमतीला दिसतात. पहिल्याच गुंतवणुकीसाठी तो मार्ग योग्य आहे का?

धंतोलीची वकील

पहिल्या खरेदीसाठी मी तो सुचवणार नाही. सरफेसी कायद्याखालची (थकीत कर्जापोटी बँकेने ताब्यात घेतलेल्या मालमत्तेची) विक्री ‘जसे आहे, जेथे आहे’ या तत्त्वावर असते, म्हणजे थकलेली देखभाल वर्गणी, कर आणि वीजबिल आपल्या गळ्यात पडू शकते. जाहिरातीत प्रत्यक्ष ताबा लिहिला आहे की प्रतीकात्मक, हे पाहा. प्रतीकात्मक असेल तर आत माणसे राहत असतात आणि फ्लॅट आतून पाहायलाही मिळत नाही. दुरुस्तीचा अंदाज बांधणार कशावर? बोली जिंकल्यावर अनामतीसह २५ टक्के रक्कम फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवसापर्यंत आणि उरलेली ७५ टक्के १५ दिवसांत भरावी लागते. मुदत लेखी संमतीने तीन महिन्यांपर्यंत वाढू शकते, पण तिच्यावर विसंबू नये. रक्कम न भरल्यास भरलेले पैसे जप्त होतात.

मानेवाडेकर (धागाकर्ता)

विक्रीचा विचार सोडून भाड्यानेच देण्याचे आम्ही ठरवले आहे. अभियंता साहेबांनी सांगितल्याप्रमाणे पाहणी केली. कॉलम टणक आहेत. स्वयंपाकघराच्या छताचे पोपडे निघाले आहेत आणि त्याच्या बरोबर वर गच्चीवर साऱ्या इमारतीची सामाईक पाण्याची टाकी आहे, तिच्या पायाजवळ शेवाळ धरले आहे. मंजूर नकाशात तिसरा मजला आहे. डीड ऑफ डिक्लरेशनमध्ये गच्ची सामाईक असल्याचे लिहिले आहे. मालक २१ लाखांपर्यंत आला आहे आणि इसार करण्याचा आग्रह धरतो. इसारपत्रात नेमके काय लिहून घ्यावे?

स्थापत्य अभियंता

पाहणी चांगली झाली. टाकीच्या पायाची गळती असेल तर आपण आतून कितीही प्लास्टर केले तरी ते पुढच्या पावसापर्यंतच टिकेल. टाकी रिकामी करून तिच्या खालचे जलरोधन नव्याने करावे लागेल आणि ते काम इमारतीचे आहे, आपल्या एकट्याचे नाही. आतल्या दुरुस्तीचा अंदाज टाकीचे काम वगळून पुन्हा काढा.

हिशेबनीस

टाकीचा खर्च सर्व फ्लॅटधारकांत वाटला गेला, तर २१ लाखांचा भाव आपल्या मर्यादेत बसतो. तो एकट्याने सोसावा लागणार असेल, तर तेवढी रक्कम किमतीतून कमी करून मागा. मालक साडेवीसवर येण्यासाठी याहून सबळ कारण नाही.

धंतोलीची वकील

इसारपत्राच्या आधी मालकाकडून एक काम करून घ्या. सामाईक गच्ची आणि टाकी यांची दुरुस्ती हा सर्व अपार्टमेंटधारकांचा सामाईक खर्च आहे, तेव्हा त्यांच्या सभेचा ठराव, प्रत्येकाचा हिस्सा आणि काम सुरू करण्याची तारीख लिहून, सह्यांनिशी त्याने आणून द्यावा. आपण मालक झाल्यावर तोच ठराव मिळवायला आपल्याला प्रत्येक दारात जावे लागेल, आणि खालच्या मजल्यावरच्या लोकांना आपल्या स्वयंपाकघराच्या छताची निकड वाटणार नाही.

इसाराची रक्कम लहान ठेवा आणि धनादेशाने किंवा बँकेमार्फतच द्या. पत्रात लिहून घ्या की शोध अहवालात दोष निघाल्यास, बँकेने कर्ज नाकारल्यास किंवा अपार्टमेंटधारकांचे ना हरकत पत्र न मिळाल्यास संपूर्ण रक्कम ठरावीक दिवसांत परत मिळेल. विक्रीपत्राच्या तारखेपर्यंतची सर्व थकबाकी विक्रेता भरेल. मालकाचे जुने गृहकर्ज असल्यास ते फेडून मूळ कागदपत्रे विक्रीपत्राच्या दिवशी हजर केली जातील. आणि रिकामा ताबा त्याच दिवशी मिळेल. विक्रीपत्राची अंतिम तारीख बँकेच्या प्रक्रियेला पुरेल इतकी पुढची धरा. फ्लॅटमध्ये सध्या कोणी राहत नाही, असे आपण गृहीत धरले आहे. वीजबिलावरचा गेल्या वर्षभराचा वापर पाहून त्याची खात्री करा, आणि वापर दिसला तर राहणाऱ्याचा करार मागितल्याशिवाय सही करू नका.